आपण न पाहिलेले आपले चित्रपट

गणपतीच्या दहा दिवसांत आपल्याकडे एक संध्याकाळ प्रश्नमंजूषेची असते. पहिला मराठी बोलपट कोणता, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक कोणत्या चित्रपटाला मिळाले, व्हेनिसला गाजलेला प्रभातचा संतपट कोणता, असे प्रश्न असतात. प्रश्न संपायच्या आत मागच्या सतरंजीवरून मुले उत्तर देतात, आणि पुढच्या खुर्च्यांवर बसलेले आम्ही समाधानाने माना हलवतो. माळव्यात इतक्या पिढ्या काढूनही मुलांना हे ठाऊक आहे, याचे ते समाधान असते.

गेल्या खेपेला कार्यक्रम आटोपल्यावर चहा घेताना आम्ही प्रश्न काढणाऱ्यांनीच एकमेकांना विचारले, की यांतले चित्रपट आपण स्वतः पाहिलेत किती? उत्तरांच्या यादीत नऊ नावे होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेले निघाले दोन. बाकीच्यांपैकी काही अर्धे पाहिलेले होते, काहींची गाणी तेवढी ऐकली होती, काहींची गोष्ट आजीकडून कळली होती, आणि काही तर कोणीच पाहिलेले नव्हते. तरीही प्रत्येक चित्रपटाविषयी आमचे ठाम मत होते. स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा वाटले, की या न पाहिलेल्या चित्रपटांचा इतिहास मांडून पाहावा. तो सिनेमाचा आहे तितकाच आपल्या घरांचाही आहे.

आधी जागेविषयी थोडे. आपले पूर्वज कोणी पवारांबरोबर धार-देवासला आले, कोणी होळकरांच्या चाकरीत या बाजूला. कन्नोद-खातेगावचा मुलूख होळकरांच्या नेमावर जिल्ह्यातला. संस्थाने विलीन झाल्यावर तो देवास जिल्ह्यात आला. लोहारदा याच दक्षिण भागातले, नर्मदेच्या अलीकडचे. इथे मराठी घरे मोजकी. मराठी चित्रपट लावून टॉकीजवाल्याचे भाडे निघेल एवढी वस्ती आपली कधीच नव्हती. जत्रेतल्या तंबूत किंवा तालुक्याच्या टॉकीजमध्ये जे लागे ते हिंदी. मराठी चित्रपट पाहायचा तर इंदूरला कोणाकडे तरी मुक्कामाला जावे लागे, आणि मुक्काम लग्नाकार्याचा असे, सिनेमाचा नव्हे. म्हणून मराठी चित्रपट आपल्यापर्यंत पोहोचला तो पुण्या-मुंबईहून आलेल्या सुनांच्या बोलण्यातून, रेडिओवरच्या गाण्यांतून आणि दिवाळी अंकांतल्या लेखांतून.

न पाहिलेल्या चित्रपटांत पहिला गट अशांचा, जे आता कोणालाच पाहता येणार नाहीत. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला. तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले, हेही आपल्या मुलांना पाठ आहे. चार रिळांच्या या चित्रपटाची आज पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे उरली आहेत. फाळक्यांनी हीच कथा 1917 मध्ये पुन्हा चित्रित केली होती, आणि उरलेला तुकडा त्या दुसऱ्या खेपेचा असावा असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या चित्रपटापासून आपण भारतीय सिनेमाचे वय मोजतो, तो कदाचित एका फुटानेही शिल्लक नाही. 1931 चा 'आलम आरा', देशातला पहिला बोलपट, त्याचीही प्रत कुठे सापडलेली नाही.

असे का झाले, याची कारणे साधी आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती झटकन पेट घेई, आणि उष्ण-दमट हवेत आपोआप कुजून तिची भुकटी होई. फिल्मवरच्या लेपात चांदी असे. चित्रपट थिएटरांतून उतरला की त्याचे मोल तेवढ्या चांदीचे. कितीतरी प्रती चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. जपून ठेवण्याची सरकारी व्यवस्था, म्हणजे पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, उभे राहिले 1964 मध्ये. पी. के. नायर यांनी तिथे आयुष्य घालून जुन्या पेट्या गोळा केल्या, पण तोवर पन्नास वर्षे उलटली होती. आपल्याकडे तेराशेहून अधिक मूकपट निघाले, त्यांतले पूर्ण उरलेले बोटांवर मोजण्याइतके. पुढे जानेवारी 2003 मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठारालाच आग लागली आणि वाचवलेल्यांतलेही पुष्कळ गेले.

या हरवलेल्यांत एक चित्रपट असा आहे, की त्याचा धागा आपल्या देवासला येऊन लागतो. बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' 1925 मध्ये निघाला. पेंटर कोल्हापूरचे. कॅमेरा विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून आनंदराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांच्या साथीने त्यांनी तो घरीच तयार केला होता. त्यांच्या 'सैरंध्री'वर खूष होऊन लोकमान्यांनी त्यांना सिनेमा केसरी म्हटले. देव-दानवांचे चित्रपट चालत होते त्या दिवसांत पेंटरांनी ना. ह. आपट्यांच्या कथेवरून शेतकऱ्याची गोष्ट घेतली. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. ज्यांनी हा चित्रपट पाहिला ते अंधारातली झोपडी आणि तिच्याबाहेर रडणारे कुत्रे हे दृश्य जन्मभर विसरले नाहीत. भारतातला पहिला वास्तववादी चित्रपट म्हणून प्रत्येक पुस्तकात त्याचे नाव येते. पण त्याची प्रत नाही, आणि तो पाहिलेला माणूसही आता हयात असणे कठीण.

पेंटरांनी 1936 मध्ये हीच कथा बोलपट म्हणून पुन्हा केली, ती शालिनी सिनेटोन या कंपनीसाठी. कोल्हापूरच्या या कंपनीमागे होत्या आक्कासाहेब महाराज, राजर्षी शाहूंच्या कन्या आणि छत्रपती राजाराम महाराजांच्या भगिनी. या आक्कासाहेब 1908 मध्ये आपल्या देवास थोरल्या पातीच्या महाराजांना, तिसऱ्या तुकोजीरावांना दिल्या होत्या. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर 1921 मध्ये ज्यांचा खाजगी चिटणीस होता, ते हेच तुकोजीराव. आक्कासाहेब पुढे माहेरी कोल्हापुरात राहिल्या आणि तिथे त्यांनी चित्रपटधंद्याला आश्रय दिला. त्यांचे पुत्र विक्रमसिंह देवासच्या गादीवर होते. ते 1947 मध्ये कोल्हापूरला दत्तक गेले आणि छत्रपती शहाजी महाराज झाले.

देवासच्या राणीसाहेबांचा मराठी बोलपटाला हातभार लागला, ही गोष्ट आम्हा देवास जिल्ह्यातल्या कितीजणांना ठाऊक होती? लिहिण्यासाठी जुने वाचायला घेईपर्यंत आम्हालाही नव्हती. फॉर्स्टरचे नाव मात्र आम्ही पाहुण्यांना हटकून सांगतो. त्याचे देवासवरचे पुस्तक किती जणांनी संपवले आहे, तो विषय या लेखात नको.

दुसरा गट अशा चित्रपटांचा, जे आपल्या घरांनी पाहिले, पण मराठीत नव्हे. प्रभात फिल्म कंपनी 1929 मध्ये कोल्हापुरात निघाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. त्या वेळी आवाज नंतर भरण्याची सोय रुळलेली नव्हती. म्हणून प्रभात बहुतेक चित्रपट दोनदा करी. तेच सेट, तोच कॅमेरा, पण एकदा मराठी संवाद आणि एकदा हिंदी. 1932 चा 'अयोध्येचा राजा' हिंदीत 'अयोध्या का राजा' झाला. 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' झाला, 'माणूस' झाला 'आदमी', आणि 'शेजारी' झाला 'पडोसी'. महाराष्ट्रात मराठी प्रत गेली, उत्तरेकडे हिंदी.

आपल्या घरांतल्या जुन्या मंडळींनी 'पडोसी' पाहिला आणि सांगताना नाव सांगितले 'शेजारी'. यात फसवण्याचा हेतू नव्हता. नाव आपले वाटायचे आणि चित्रपटही आपलाच. पण दोन प्रतींत फरक आहेत. 1941 च्या 'शेजारी'त जिवबाचे काम केशवराव दात्यांनी केले आणि मिर्झाचे गजानन जागीरदारांनी. 'पडोसी'त जागीरदार मिर्झाच राहिले, पण हिंदू शेजारी झाले मझहर खान. हिंदूने मुसलमान आणि मुसलमानाने हिंदू रंगवावा, ही शांतारामबापूंची योजना आपल्या आजोबांनी पाहिली. पुणेकर आजोबांनी ती पाहिली नाही. एवढ्या एका बाबतीत आपले पारडे जड आहे.

या चित्रपटाची गोष्ट आपल्या भागाला जवळची आहे, हे मात्र घरात कोणी सांगितल्याचे आठवत नाही. आम्हाला सांगितले गेले ते दोन जिवलग मित्रांचे. प्रत्यक्षात त्यांच्या भांडणाचे मूळ धरणात आहे. गावाची जमीन धरणासाठी हवी असलेला धनिक माणूस दोघांत वितुष्ट लावतो, आणि शेवटी धरण फुटते तेव्हा दोघे म्हातारे हातात हात घेऊन मरतात. नर्मदेवर पुनासाला इंदिरा सागर झाले, हरसूद बुडाले, आपल्या जिल्ह्यातल्या काठावरच्या गावांनाही पाणी लागले. ज्यांची सोयरीक त्या गावांत होती त्यांना हा चित्रपट आज वेगळा दिसेल. पण तो पाहायला हवा. नुसत्या नावात फक्त शेजारी आहे, धरण नाही.

इथे आमच्या मनात पहिल्यांदा शंका आली. न पाहिलेला चित्रपट आपण रिकामा सोडत नाही, आपल्याला सोयीचा असा भरून घेतो. ही शंका पक्की झाली ती 'कुंकू'मुळे.

'कुंकू' हे नाव आमच्या घरांत फार आदराने घेतले जाई. आमची समजूत अशी होती, की हा पतिव्रतेचा चित्रपट असणार. नावच तसे आहे. आम्ही तो पुरा पाहिला तो आता, इतक्या वर्षांनी, मोबाईलच्या पडद्यावर. 1937 चा हा चित्रपट आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून केलेला. नीरा या तरुण मुलीला फसवून एका म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधतात. ती घरात राहते, पण त्याला नवरा मानायला साफ नकार देते. आदळआपट करते, वाद घालते, कपाळावरच्या कुंकवाचा अर्थ काय ते विचारते. शांता आपटे यांनी हे काम असे केले आहे, की आजही सासरच्या मंडळींसोबत बसून पाहताना कोणीतरी पाण्याचा पेला आणायला उठेल. शेवटी म्हाताऱ्यालाच आपली चूक उमगते आणि तो तिला मोकळे करण्यासाठी जीव देतो. जो चित्रपट आपण पतिव्रतेचा समजत होतो, तो तिला घाईने बोहल्यावर उभे करणाऱ्यांना जाब विचारणारा निघाला. ज्या घरांत तेव्हा बिजवराला मुली दिल्या गेल्या त्यांतली काही घरे आपलीच आहेत. न पाहता आदर करणे त्यांना सोपे गेले असेल.

'संत तुकाराम'चेही तसेच. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 1936 च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. प्रभातने हा मराठीतच काढला, म्हणून 'पडोसी'सारखा तो आपल्या टॉकीजमध्ये आला नाही. आपण त्याचे दोनच प्रसंग ऐकून आहोत. इंद्रायणीतून वर आलेल्या वह्या, आणि वैकुंठाचे विमान. म्हणून तो चमत्कारांचा चित्रपट असे आपण धरून चालतो. बसून पाहिला तर त्यात सर्वांत जास्त जागा जिजाईने व्यापलेली दिसते. गौरी या नटीने ती उभी केली आहे. तिला म्हैस सांभाळायची आहे, पोरांच्या पोटाचे पाहायचे आहे, नवरा अभंगात आहे आणि घरात दाणा नाही. पोर आजारी पडते तेव्हा ती चप्पल घेऊन विठ्ठलाच्या देवळात जाते. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम वैकुंठाला निघताना तिला बोलावतो, पण तिला घर आणि मुले सोडवत नाहीत. विमान वर जाते आणि ती खाली राहते. चमत्कार आहेतच, पण दामले-फत्तेलालांनी त्यांच्या शेजारी चूल ठेवली आहे. हे पाहिल्याशिवाय कळत नाही, कारण ऐकीव गोष्टीत विमान टिकते आणि चूल विसरली जाते.

तिसरा गट अर्ध्यावर सोडलेल्यांचा. त्यात पहिले नाव 'श्यामची आई'. साने गुरुजींचे पुस्तक आपल्या प्रत्येक घरात होते. आचार्य अत्र्यांनी त्यावर 1953 मध्ये चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी ते त्याला मिळाले. हा चित्रपट न संपवण्याचे कारण सर्वांना माहीत आहे. डोळे पुसत पुसत बायका उठून जात. आमच्या एका काकूंनी तो तीनदा सुरू केला, आणि तिन्ही वेळा आई अंथरुणाला खिळली की त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यामुळे त्यांच्या लेखी श्यामची आई कधी मेलीच नाही.

यातही एक गोष्ट आपल्या हातून निसटली. आईचे काम करणाऱ्या वनमाला या मूळच्या सुशीला पवार. जन्म 1915 चा, उज्जैनचा. वडील ग्वाल्हेर संस्थानात मोठ्या हुद्द्यावर. सोहराब मोदींच्या 1941 च्या 'सिकंदर'मुळे त्या देशभर माहीत झाल्या. उतारवयात त्या ग्वाल्हेरला होत्या आणि 2007 मध्ये तिथेच वारल्या. कोकणातल्या गरीब घरची, महाराष्ट्राची म्हणून ओळखली जाणारी ती आई पडद्यावर उभी केली क्षिप्राकाठी जन्मलेल्या मुलीने. आपल्याकडच्या मराठीला पुण्याचे पाहुणे हसतात, तेव्हा हे नाव सांगायला हरकत नाही.

आणि ती आई केवळ रडवणारी नाही. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती फोकाने झोडपते, लोकांनी त्याला भित्रा म्हणू नये म्हणून. कर्ज फेडता येत नाही तरी मान खाली घालत नाही. रडून उठून गेलेल्यांच्या आठवणीत तिची माया उरली, तिचा करारीपणा गेला.

पुढे दूरदर्शन आले. रविवारी दुपारी निरनिराळ्या भाषांतले गाजलेले चित्रपट दाखवत. आठवडे जायचे, बंगाली व्हायचा, मल्याळी व्हायचा, आणि एखाद्या रविवारी मराठीची पाळी यायची. मग ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या घरी सगळी मराठी मंडळी जमत. पोहे आणि जलेबी आधीच आटोपलेली असे. चित्रपट रंगात आला की लोहारद्याची वीज जाई. ती येईतोवर चित्रपट संपलेला असे, आणि उरलेली गोष्ट जमलेली मंडळी आपापल्या तर्काने पुरी करत.

जब्बार पटेलांचा 1982 चा 'उंबरठा' आम्ही असाच पाहिला. स्मिता पाटील सुलभा महाजन झाल्या आहेत. सुखवस्तू घरातली सून, नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून एका महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. आश्रमातला कारभार पाहून राजीनामा देते. वीज गेली ती साधारण तिथे. खोलीत अंधार झाला आणि कोणीतरी म्हणाले, "चला, आता घरी परत येईल." सगळ्यांना ते पटले. पुढची कित्येक वर्षे आम्ही 'उंबरठा'चा शेवट असाच सांगत आलो, की शिकलेली बाई बाहेर जाऊन ठेच खाते आणि घरी येते.

शेवट तसा नाही. ती घरी येते खरी, पण तिच्या गैरहजेरीत नवऱ्याने दुसऱ्या बाईशी संबंध जोडलेला असतो. तो तिला घरात राहायला सांगतो आणि तेही चालू राहील असे सुचवतो. ती पुन्हा उंबरठा ओलांडते. आमच्या त्या दुपारच्या मंडळींत एक मुलगी होती. तिला शिकायला इंदूरला पाठवायचे की नाही हे घरात चाललेले होते. तिला नाही पाठवले. केवळ एका चित्रपटाच्या अर्ध्या शेवटामुळे असे आम्ही म्हणत नाही. पण तिच्या वडिलांनी त्या चर्चेत 'उंबरठा'चे नाव घेतले होते, आणि आम्ही तिथे बसलो होतो, आणि खरा शेवट आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता.

हे लिहिताना बरे वाटत नाही. पण न पाहिलेल्या चित्रपटाने कोणाचे काय बिघडते, असे कोणी म्हणाले तर आमच्याकडे हे उत्तर आहे.

आता वीज टिकते आणि चित्रपट खिशात आहे. तरी सवय सुटलेली नाही, कारणे तेवढी बदलली. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी राष्ट्रीय पुरस्कारांतला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीला पुन्हा मिळाला, तो संदीप सावंतांच्या 'श्वास'ला. 2004 मध्ये तो ऑस्करसाठी निघाला तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. लहान मुलाचे डोळे जाणार, ते जाण्याआधी आजोबा त्याला जग दाखवून घेतात, एवढे ऐकूनच आपल्यातल्या अनेकांनी तो पाहिला नाही. "आमच्याने बघवणार नाही" म्हणाले. वर्गणीचे कौतुक मात्र सर्वांनी केले.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' 2014 मध्ये व्हेनिसला गाजला, पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. यात कॅमेरा हलतच नाही, काही घडतच नाही, म्हणून आपल्या मुलांनी तो मध्येच बंद केला. जे टिकले त्यांतलेही पुष्कळ एका ठिकाणी फसतात. न्यायालयाला सुटी लागते, दिवे मालवतात, पडदा काळा होतो आणि संपले असे वाटते. संपलेले नसते. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले आहेत, बाकावर डुलकी घेत आहेत, मुले ओरडून त्यांना उठवतात आणि ते एका पोराच्या थोबाडीत देतात. ज्याच्या हाती एका शाहिराचा निवाडा आहे तो माणूस कसा आहे, हे त्या शेवटच्या मिनिटात दिसते. काळ्या पडद्यावर उठलेल्याने खटला पाहिला, न्यायाधीश पाहिलाच नाही.

आम्ही काही सिनेमाचे जाणकार नाही. प्रत्येकाने सगळे गाजलेले चित्रपट पाहिलेच पाहिजेत असाही आमचा आग्रह नाही. न आवडलेला चित्रपट सोडून देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि सोडला असे उघड सांगण्याचाही. आमचे म्हणणे एवढेच आहे, की महाराष्ट्रापासून दूर राहिलेल्या आपल्यासारख्यांकडे संस्कृती नावांच्या यादीच्या रूपाने येते. ती यादी आपण मुलांना पाठ करून देतो. पण यादीतले नाव मवाळ असते. ज्या चित्रपटांनी आपल्या आजीच्या पिढीला प्रश्न विचारले होते, ते आपण नुसते नाव घेऊन गप्प केले.

म्हणून मंडळाला एक सूचना करतो. या उत्सवात प्रश्नमंजूषा असू द्यावी, मुलांना बक्षिसेही द्यावीत. पण दहांतली एक संध्याकाळ एका चित्रपटासाठी ठेवावी. सुरुवात 'कुंकू'ने करावी. पडदा, सतरंजी आणि बॅटरीची सोय आम्ही करू. ज्या मुलांना जुनी मराठी जड जाते त्यांच्याजवळ एकेक वडीलधारी व्यक्ती बसवावी, म्हणजे दोघांचेही पाहणे होईल. संपेपर्यंत कोणी उठू नये, आरतीची वेळ पुढेमागे करता येईल.

आणि ज्या थोड्या मंडळींनी यांतले जुने चित्रपट टॉकीजमध्ये बसून खरोखर पाहिले आहेत, मराठी असोत वा हिंदी, त्यांनी ते कुठे, कोणाबरोबर आणि कुठवर पाहिले हे लिहून द्यावे. अर्धा पाहिला असेल तर तसेच लिहावे. पुढच्या स्मरणिकेत ते छापू.

ती मुलगी आता पन्नाशीला आली आहे. याच गावात असते. 'कुंकू'नंतर 'उंबरठा' लावायचा ठरला तर पहिले बोलावणे तिला जाईल.